अठ्ठावन्नावा फोटो

वायरमनदादा अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नसत, पोलमध्ये सांगत. पोलादपूर तालुक्यातले कापडे हे त्यांचे गाव. ते महाडहून किती लांब असे विचारले की डोळे मिटून बोटांवर मोजायला लागत आणि मधेच थांबून म्हणत, "चढावर पोल जरा जवळजवळ हायत, तिथं फरक पडंल." उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला. महाडला त्यांचे घर आमच्या शेजारी, मधे छातीइतकी भिंत, परसाला परस लागून.

निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना एक जुना कॅमेरा आणून दिला. माणसाने नातवंडांचे फोटो काढले असते. यांनी तो आभाळाकडे लावला. त्यांना देवयानी दीर्घिकेचा फोटो हवा होता. वहिनी भिंतीवरून माझ्या आईला ऐकवायच्या, "म्हातारपणी देवयानी सुचली ह्यांना! माझा एक फोटो धड काढला नाय आजवर." आई खोकत खोकत हसायची.

देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे. पन्नास मीटरला एक पोल धरून मी गणित केले. सत्तेचाळीसवर एकोणीस शून्ये, इतके पोल लागतील. तो कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी बोट ठेवून शून्ये मोजली आणि म्हणाले, "एवढी तार वढली तर झोल किती पडंल रे!"

हे वेड कुठून आले ते त्यांनी एकदाच सांगितले. घर बांधले तेव्हा गल्लीत एकही दिवा नव्हता. दिवाळीनंतरच्या दिवसांत परसात उभे राहिले की देवयानी नुसत्या डोळ्यांना दिसायची. पांढरट, तिरकी, भाताच्या लोंबीएवढी. एका गुरुजींनी तिचे नाव सांगितले होते. "मंग गल्लीत पोल मीच घातले," ते म्हणाले. "मीच घालवली तिला. जाताना एकदा बघून जाऊ दे." डिसेंबरात ते कायमचे मुलाकडे मुंबईला जाणार होते. तिथल्या खोलीला आभाळच नव्हते.

आता त्या परसात गल्लीच्या वळणावरच्या दिव्याचा उजेड सरळ कॅमेऱ्यावर यायचा. त्यांनी पेरूच्या फांदीला जुनी छत्री बांधून आडोसा केला. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर कॅमेरा वळावा म्हणून दोन फळ्या, एक बिजागरी आणि बॅटरीवर चालणारी बारकी मोटर जोडली. तरी फोटो पांढराच यायचा. मी म्हणालो, "दादा, तुम्हाला तर माहीत आहे दिवा कुठून बंद होतो. तासभर बंद केला तर कोणाला कळणार?" ते एकदम गंभीर झाले. "त्या वळणावर एका बाईला फुरसं चावलेलं, म्हणून तो दिवा घातलाय. तो ऱ्हाऊ दे."

मग उपाय एकच. वीस-वीस सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांची सरासरी घ्यायची. प्रत्येक फोटोतली खोट्या ठिपक्यांची खरखर वेगळी, म्हणून ती पुसली जाते. जे खरेच आहे ते सगळ्यांत असते, ते उरते. हे काम माझ्याकडे आले. त्यांना ते लगेच पटले. "आमच्या तक्रारवहीसारखं. एक जण बोलला ठिणग्या पडतात, तर जाऊन बघायचं. धा जण बोलले तर पळत जायचं."

आठ संध्याकाळी रोज दीड तास, म्हणजे दोन हजार एकशे साठ फोटो. हाती आला एक धूसर ठिपका. मी म्हणालो, "ही देवयानी असेल किंवा भिंगावरचा डाग. मी खात्रीने सांगू शकत नाही." ते छत्री मिटून आत गेले. खरे बोलायची एवढी घाई करायला नको होती, असे मला आजही वाटते.

नवव्या संध्याकाळी, आठ वाजायला आठ मिनिटे असताना, अर्ध्या महाडची लाइट गेली. गल्लीभर "गेली, गेली" सुरू झाले आणि भिंतीपलीकडून वायरमनदादा ओरडले, "आली! आली रे, दिसली!"

त्याच क्षणी आमच्या घरात आईच्या ऑक्सिजनच्या मशीनचा भोंगा वाजू लागला. मशीनचा भार इन्व्हर्टरला पेलत नसे आणि राखीव सिलिंडर मी दुपारीच भरायला पाठवला होता. मी आईला उशांना टेकवून बसवत होतो. भिंतीवरून आवाज आला, "आईचं मशीन ना? उंबराजवळचा पोल असंल. फळं धरली की वटवाघूळ चिकटतं तिथं. बघतो." पाठोपाठ फाटकाची कडी वाजली.

आईचे ओठ निळसर पडत चालले होते. ती मला म्हणाली, "तू घाबरू नको रे."

दादांनी ड्यूटीवरच्या वायरमनला फोन करून सांगितले, अख्खी लाइन चालत तपासत बसू नको, सरळ उंबराकडे ये. त्याने रीतसर लाइन बंद करवून घेतली, वटवाघूळ काढले, आणि आठ वाजून अकरा मिनिटांनी मशीन पुन्हा चालू झाले. दादा परत आले ते परसात न जाता आमच्या दारात. "काय गो, मावशे?" आईने मान हलवली, तेव्हा कुठे ते पायरीवर बसले.

कॅमेरा मात्र आपला चालूच होता. पुढच्या दिवशी मी ते फोटो उघडले. काळोखातले सत्तावन्न, आणि त्या सत्तावन्नांची बेरीज आधीच्या दोन हजारांना भारी पडली. देवयानी आली होती. तिरकी, लांबट, मधे उजळ. मी म्हणालो, "दादा, तुम्ही गेला नसतात तर बिघाड शोधायला त्या वायरमनला तासभर लागला असता. एकशे ऐंशी फोटो मिळाले असते."

ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "सत्तावन्न लय झाले."

तो फोटो ते मुंबईला घेऊन गेले. फोन आला की अजून पहिला प्रश्न तोच असतो, "मशीन चालू हाय ना?"

माझ्याकडे त्याच्या पुढचा फोटो आहे, अठ्ठावन्नावा. तो मी छापून आईच्या पलंगासमोर लावला आहे. त्यात तारा नाही, दीर्घिका नाही, सगळा पांढराफटक. येणारे विचारतात, हा कोरा कागद कशाला लावलाय? आई सांगते, "कोरा नाय तो. लाइट आली तेव्हाचा हाय."