पहिलं ‘नको’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात बायकोला न सांगता चपलेचा अंगठासुद्धा शिवून आणता येत नाही, म्हणजे बघा.

तुम्ही समोर बसलाय असं धरून बोलतो. बोलणं हाच माझा धंदा आहे. अजिंठ्याला गाइड म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. सकाळी फर्दापूरला उभं राहायचं, गोरे पाहुणे आले की त्यांना घेऊन लेण्यांकडं निघायचं. बसमध्ये बसल्या बसल्या माझा एक ठरलेला विनोद असतो. इंग्रजीत, हातवारे करून. ‘मंडळी, आमच्याकडं कुणी चहा विचारला, तर पहिलं नको म्हणजे — विचारलंत, बरं वाटलं. दुसरं नको म्हणजे — तुम्हाला उगा त्रास. तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तर समजा त्याला ॲसिडिटी आहे.’ हमखास हशा. काहीजण तर वहीत लिहून घेतात.

म्हणजे ‘नको’ या शब्दाचा अर्थ मला कळत नव्हता, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

माझी ताई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भाऊजी लवकर गेले. शाळेत शिकवून तिनं एकटीनं लेक वाढवली — स्वाती. ताई माळकरी, आणि आतिथ्याच्या बाबतीत अगदी हुकूमशहा. तिच्या घरातून अर्ध्या पोटानं बाहेर पडलेला माणूस मी पाहिलेला नाही. स्वाती नोकरीला हॉलंडला गेली आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, आई, मला इथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. ताईनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘पोरगा जेवतो का नीट?’ झालं, होकार.

मग मुलाची आई ताईला भेटायला आली. योहाना. साठीची, उंच, पाठीवर पिशवी टाकून एकटी आलेली बाई. आठ दिवस राहिली. तिला मराठी येत नाही, ताईला इंग्रजी ‘सिट डाऊन’पुरतं. मधे दुभाषा कोण? मी. ऐट काय विचारता! क्रांती चौकात रिक्षावाल्याला थांबवतानासुद्धा मी इंग्रजीत हाक मारायला लागलो होतो.

पहिल्याच जेवणात योहाना ‘नको’ म्हणाली आणि ताईनं पुरणपोळी वाढली. ती पुन्हा ‘नको’ म्हणाली, ताईनं वर तूप ओतलं. बिचारीच्या कपाळावर घाम. तिचं नको खरंच नको होतं हो! पण ताईला ते पटेना, आणि मी लबाड, हसत बसलो. तरी दोघींचं जमलं लई छान. दोघी पहाटे उठणाऱ्या, दोघींना कुंड्यांचं वेड, दोघींना आपल्या लेकराची तक्रार सांगताना डोळ्यांत पाणी. मला वाटायचं, यांच्यात मी तरी कशाला पाहिजे?

आता त्या शेवटच्या दुपारी येतो. येतोय — टाळत नाही.

योहानानं ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘लग्नाच्या आधी महिनाभर तुम्ही माझ्याकडं राहायला या. तुमची मुलगी ज्या घरात नांदणार, ते घर तुम्ही बघायला हवं.’ मी मराठीत सांगितलं. ताईचा चेहरा असा फुलला, की मी तो तसा स्वातीच्या बारशानंतर पाहिला नव्हता. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘नको बाई, माझं काय काम तिथं? उगा तुम्हाला त्रास.’ आणि योहानाकडं बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत.

मी काय केलं असेल?

मी इंग्रजीत म्हणालो, ‘ताई यायचं नाही म्हणते.’

एवढंच. माझा तो बसमधला ठरलेला विनोद त्या दिवशी तोंडातून निघाला नाही. योहानानं ताईचा हात हळूच सोडला. त्यांच्याकडं माणूस नाही म्हणाला की त्याला पुन्हा छळत नाहीत, ती त्यांची अदब. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, ‘मग तिच्या बाजूनं तुम्ही याल का?’ आणि मी — पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणालो. एकदाही नको म्हणालो नाही. तेवढा पाश्चात्त्य मी त्या क्षणी झालो होतो.

का केलं? कारण मला जायचं होतं. इतक्या वर्षांत हजार पाहुणे म्हणाले असतील, ‘एकदा आमच्याकडं या ना.’ ते आपल्या ‘या एकदा जेवायला’सारखंच, तारीख कुणीच सांगत नाही. या बाबतीत तेही आपल्यासारखेच. मला ती गावं, ते कालवे, ते कोपऱ्यावरचं चीजचं दुकान बघायचं होतं. फक्त तेवढ्यासाठी.

ताईला सांगितलं, ‘त्या म्हणतात, मग मामानं यावं.’ ती म्हणाली, ‘व्हय? जा की मग.’ आणि कपबश्या उचलून आत गेली. स्वातीनं फोनवर खूप आग्रह केला, पण ताई म्हणाली, मला विमान सोसायचं नाही. मला एकट्याला मात्र खरं सांगितलं — ‘विहिणीनं एकदाच विचारलं रे. मनापासून असतं, तर दुसऱ्यांदा विचारलं नसतं का?’

मी गेलो. विमानतळावर स्वाती मला भेटली, आणि गळ्यात पडायच्या आधी तिनं माझ्या मागं बघितलं. आई शेवटच्या घडीला आली असेल म्हणून.

योहानाच्या स्वयंपाकघरात एक कोरं पातेलं होतं. त्यात मांस कधी शिजलेलं नाही, असं तिनं मला अभिमानानं सांगितलं. ताईचं मन बदललं आणि ती आली तर तिची सोय म्हणून आणलेलं. कळलं ना? बाई दुसऱ्यांदा विचारत होती. तिची विचारायची रीत तोंडाची नव्हती, एवढंच. मी — मटणाचा नान-खलिया दिसला की वाट सोडून तिकडं वळणारा माणूस — महिनाभर त्या पातेल्यातलं वरण खाल्लं. चांगलं होतं वरण. सगळं बघितलं मी. कालवे बघितले, चीज खाल्लं, सायकलवरून पडलो, खूप हसलो. मजा आली, खोटं कशाला बोलू? लग्नात आईच्या खुर्चीवर मी बसलो. फोटोत माझे दात दिसतात.

याला आठ वर्षं झाली. नात झाली, तेव्हाही ताई गेली नाही. योहाना आणि स्वाती एकाच घरात, खाली-वर राहतात. ताई म्हणायची, ‘घर विहिणीचं, बोलावणं तिचं आलं पाहिजे.’ आणि योहाना बोलवायची नाही, कारण ज्या बाईला यायचंच नाही तिला संकोचात कशाला टाका? दोघी एकमेकींचा मान ठेवत बसल्या. मधे मी. मला दरवर्षी दोघींकडून भेटी यायच्या.

मागच्या महिन्यात योहाना व्हिडिओवर आली. नातीनं तिला एक मराठी शब्द शिकवला होता, आणि ‘हो’ येईपर्यंत तो सोडायचा नाही हेही. ‘या,’ ती म्हणाली. ताई म्हणाली, नको बाई. ‘या!’ नको हो, गुडघे दुखतात. ‘या! या! या!’ ताई हसत सुटली, म्हणाली, ‘बरं, बघते.’ म्हणजे तिनं मनातल्या मनात बॅग भरलीसुद्धा. फोन ठेवल्यावर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, ‘सुधारली बघ बाई! मागच्या वेळी एकदाच विचारलं होतं. तुला आठवतंय ना, तूच होतास.’

मी म्हणालो, ‘आठवतंय.’

तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा घेतला.

काल ती निघाली. सोबत चलतो म्हणालो, तर मोबाइल नाचवत म्हणाली, ‘आता तुझी गरज नाय. मी मराठीत बोलते, हा त्यांच्या भाषेत सांगतो. शब्दही इकडचा तिकडं करत नाय.’ मग विमानतळावर रांगेत उभी असताना एकदम वळली. ‘पोचले की पहिलं तिला विचारणार आहे — अगं, तेव्हा एकदाच का विचारलंस?’

मी तिला अडवलं नाही. विचार म्हणालो.

तिचं विमान आज दुपारी उतरलं. फोन अजून आलेला नाही.