कोपऱ्याकोपऱ्यातले देव

नवरा गेला तवापासून मी कामतघरला कापड विणायच्या लूमच्या एका बिल्डिंगीत जिने पुसते. कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या. खरवडून माझी नखं गेली, पण थुकणारे काय थांबले न्हाय. मग शेठनं कोपऱ्यांत देवांच्या टाइल बसवायला एक मिस्त्री आणला. त्याचं नाव मी विचारलंच न्हाय.

त्याच्या गालात गुटख्याचा तोबरा, कानामागं पेन्सिल. गणपतीच्या पाठीला सिमेंट फासून भिंतीला लावायचा, आन् वरून हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा.

"आरं, हळू! देव हाय तो."

"मावशे, देव-बिव काय नसतो. भाजलेली माती हाय ही. तिला काय कळतंय?"

"मग लोक थुकायचे थांबतील कशावरून?"

"लोकांना अक्कल न्हाय म्हणून थांबतील."

दुपारपर्यंत गणपती, मक्का, येशू, सगळे आपापल्या कोपऱ्यात बसले. तिसऱ्या माळ्यावर मिस्त्रीचं तोंड थुकीनं भरून आलं. एकेका कोपऱ्याकडं बघत तो नुसता उभा.

मी म्हटलं, "थुक की! मातीच हाय. तिला काय कळतंय?"

गाल फुगवून, मान हलवत तो तीन माळे उतरून रस्त्यावर पळाला.

देव हाय का न्हाय, ते मला अडाणीला काय ठाऊक? मी बादली पालथी घातली आन् तिच्यावर जरा टेकले.