बुरुलने लावलेल्या शिकवण्या

किर्गिझस्तानातल्या आमच्या तोकमोक गावच्या बसतळावर गाड्या भरून देण्याचं काम बुरुल करते. कुठली मिनीबस आधी सुटणार, पुढच्या सीटवर कोण बसणार, कुणाची पोती टपावर जाणार, सगळं तीच ठरवते. ड्रायव्हर तिला टरकून असतात. नवरा रशियात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून बाईनं एकटीच्या जिवावर घर चालवलंय. तिच्या उभं राहण्याच्या जागेला लागूनच माझा सामशांचा, म्हणजे भाजलेल्या समोशांचा तंदूर, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं माझ्या कानावर पडतं. तर अशी ही खमकी बाई. पण पोरीला शिकवणी लावताना तिनं जी माती खाल्ली, ती आठवली की माझं डोकं आजही फिरतं.

पोरगी आयझिरेक, तिसरीत. घरात, गल्लीत सगळा कारभार किर्गिझ भाषेत, आणि हिला घातली रशियन वर्गात. त्यालाही कारण आहे. तरुणपणी बुरुल बिश्केकला कापडाच्या दुकानात कामाला होती. एका गिऱ्हाईक बाईशी तिला रशियनमध्ये धड बोलता येईना, तेव्हा मालकिणीनं सगळ्यांसमोर तिची नक्कल केली आणि दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून हिच्या डोक्यात एकच, की माझी पोर कुणापुढं ततपप करणार नाही. हे मला समजतं. पण पोर वर्गात रोज ततपपच करत होती. गणितात नापास, वाचनात नापास. वसंतातल्या परीक्षेत सुधारली नाही तर त्याच वर्गात बसवू, असं शाळेनं कळवलं.

हीच आयझिरेक शाळा सुटली की माझ्याकडं येऊन बसायची. तंदुरातून किती सामसे निघाले, किती गेले, किती उरले, हे मी विचारायच्या आत सांगायची. मी बुरुलला म्हणाले, अगं, हिला गणित येत नाही कसं? तर म्हणे, एजे, म्हणजे ताई, तुझे सामसे वेगळे आणि शाळा वेगळी.

पहिली शिकवणी लावली ती वर्गातल्याच बाईंची. शाळा सुटल्यावर, त्याच खोलीत. सकाळी न कळलेलं तेच दुपारी जरा मोठ्या आवाजात. दुसरी लावली दिराच्या बायकोची. ती कधीकाळी शाळेत होती म्हणे, आणि तिला नाही म्हटलं असतं तर सासरचे वर्षभर तोंड फिरवून बसले असते. तिथं आयझिरेकनं पाळणा हलवला, पाहुण्यांना चहा ओतला, भांडी विसळली. पाढे राहिले बाजूला, पण चहा ओतायला पोरगी एक नंबर शिकली. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरं काय.

मग मीच मायलेकींना सोवेतबेक आगायकडं धाडलं. आगाय म्हणजे गुरुजी; निवृत्त मास्तर, माणूस शांत. मीही सोबत गेले. त्यानं पोरीला आपल्या भाषेत गणितं घातली, आणि ती पटापट उत्तरं देत गेली. शेवटी तर तीच त्याला म्हणाली, आगाय, अवघड घाला ना.

"हिचं गणित पक्कं आहे," आगाय म्हणाला. "गणित ज्या भाषेत विचारतात, ती हिला कळत नाही. किर्गिझ वर्गात घाला. नाहीतर वर्षभर माझ्याकडं राहू द्या, रशियन मी हळूहळू शिकवतो."

बुरुल ताडकन उठली. "माझ्या पोरीला बसतळावरच उभी करायची आहे का तुम्हाला?" एवढं बोलून निघाली. समोर ठेवलेल्या नानचा तुकडासुद्धा तोंडाला लावला नाही. शत्रूच्या घरूनही असं कुणी उठत नाही. मीच घाईघाईनं एक घास मोडला, माफी मागितली आणि खाली मान घालून तिच्यामागं गेले. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही.

त्यानंतर शिकवणीला आली रशियन शिकवणारी इन्ना विक्तोरोव्ना. तिनं पोरीकडं पाहिलंसुद्धा नाही, आईला सांगितलं, की घरात किर्गिझ एकदम बंद, फक्त रशियन. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण बुरुलला पटलं. आता बुरुलची रशियन ती केवढी? बसतळावर जेवढी लागते तेवढी. चला, बसा, पुढं सरका, दार लावा. घरीही मायलेकींचं बोलणं तेवढंच उरलं. जेव. झोप. दार लाव. आधी या दोघी रस्त्यानं जायला लागल्या की त्यांची बडबड माझ्यापर्यंत ऐकू यायची. बुरुल मला कौतुकानं सांगायची, पोर आता कशी गप्प अभ्यास करते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आयझिरेक माझ्याकडं आली. सामसा दिला तर नुसता हातात धरून बसली. मी दोनदा विचारलं, तेव्हा बोलली.

"उद्या मला येऊ नको म्हणाल्या बाई. मला आणि अजून तिघांना. आमच्यामुळं वर्गाचे गुण कमी होतात. घरी सांगा म्हणाल्या, की बरं नाही."

माझ्या अंगाची लाही झाली. "आईला सांगितलंस?"

"नाही. एवढं सगळं मला रशियनमध्ये सांगता येत नाही."

बुरुल माझ्यामागं उभी होती. चहा न्यायला आली होती, तिनं सगळं ऐकलं. तिकडं बिश्केकची गाडी भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि ही जागची हलेना. मग ती पोरीसमोर खाली बसली. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाली, "काय झालं, बाळा? मला सांग."

आयझिरेक दचकली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. हातातला सामसा खाली ठेवला, सरळ उभी राहिली आणि रशियनमध्ये म्हणाली, "सगळं ठीक आहे."

बुरुलनं पुन्हा विचारलं. पोरीनं पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला उच्चार अगदी स्वच्छ.