जे फोनवर लिहिलेलं नव्हतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीजवळ सगळं बोलते, तिच्याजवळही नाही. आम्हा जैनांत संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागायची पद्धत आहे. हात जोडायचे, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणायचं. मी दर वर्षी मंदालाही म्हणते. कळत-नकळत! ती हसून हात जोडते. माझ्या हातून नकळत काहीच झालेलं नव्हतं, सगळं कळत होतं. तिथे मी थांबते आणि पुढच्या माणसाकडे वळते.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला जमतं आहे बहुतेक.

माझं नाव कांचन. मंचरला बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून आले. आता घरात मारवाडी फक्त सासूबाई बोलतात. माझं माहेर आळ्याचं. तिथल्या शाळेत मी मराठीत पहिली यायची. त्याआधी, दुसरी-तिसरीत असताना, पोरी माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. घरची बोली मध्येच निसटायची तोंडातून. मग मी इतकं घासलं — उच्चार, ण आणि न, सगळं — की दहावीत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. उलटच. नक्कल केली की काय होतं ते मला पक्कं माहीत होतं, एवढंच सांगायचं आहे.

मंदा महाळुंगे पडवळची. घरची शेती आहे, नवरा बटाटा-कांदा करतो. ती आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येते, साड्यांना फॉल-पिको करायला. दुकानाच्या वरच्या माळ्यावर मशीन आहे, आजूबाजूला कापडाच्या ताग्यांच्या थप्प्या. आम्ही एका वयाच्या. पण ती मला "वहिनी, तुमी" म्हणायची आणि मी तिला "मंदा, तू". हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

मला वाचायची आवड. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वर जाऊन बसायची आणि फोनवर सापडलेलं काहीबाही तिला वाचून दाखवायची. पाल छताला उलटी कशी चिकटते. कुकरची शिट्टी कशी होते. बटण आधी आलं की काज. ती मशीन चालवता चालवता असं काही विचारायची की मला पुन्हा शोधायला लागायचं. आणि तिच्याकडे स्वतःचं असं पुष्कळ होतं. कोंबडी डोळा मिटते तेव्हा पापणी खालून वर जाते, हे मला तिनं सांगितलं. मी ताडून पाहिलं — खरं होतं. वीस वर्षं मी पुस्तकं वाचत होते आणि मला कोंबडीचा डोळा ठाऊक नव्हता.

त्यातून पॉडकास्ट सुरू झाला. माझ्या भाचीनं एक लहानसा माइक आणून दिला, रेकॉर्ड केलेलं नेटवर कसं चढवायचं ते शिकवलं. माळ्यावर आवाज फार छान यायचा, कापड आवाज पिऊन घेतं. नाव ठेवलं "असं का गं?" दर पंधरा दिवसांनी एक भाग. मी माहिती सांगायची, मंदानं विचारायचं. वेगळं काही केलं नाही, जे रोज चालायचं तेच.

तुम्हाला एकच भाग सांगते. आमच्या इकडे नारायणगावजवळ खोडदला त्या मोठाल्या जाळीच्या तबकड्या आहेत, आभाळाकडे तोंड करून उभ्या. जगातली किती मोठी दुर्बीण आहे ती, वगैरे मी सगळं पाठ करून आले होते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती पकडते, असं सांगत होते. मंदानं मशीन थांबवलं.

"वहिनी, थांबा जरा. म्हंजी ती बघत न्हाई, ऐकती?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मंग तिला दुर्बीन कशापायी म्हनायचं? त्यो तर कान झाला की वो. जिमिनीला कान फुटल्यात आन् आमी रोज तिथनं एष्टीनं जातो, येक दिस वाकून बघितलं न्हाई."

तो भाग लोकांनी एकमेकांना पाठवला. कुठून कुठून निरोप आले. एक आजोबा सोलापूरहून, एक मुलगी नोकरीनिमित्त बाहेरदेशी गेलेली. तिनं लिहिलं होतं, या ताईंचा आवाज ऐकला की आईच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. या ताई म्हणजे मंदा. सगळे निरोप असेच. मंदाताईंना जास्त बोलू द्या. मंदाताईंनी चुलीवरचं सांगितलं ते फार आवडलं. मध्येच एखादं, "माहितीही उपयुक्त असते."

माहितीही. हा शब्द मी किती वेळा वाचला असेल?

मी ते निरोप मंदाला दाखवत नव्हते. दोन-तीन सुरुवातीला वाचून दाखवले, मग बंद केले. ती विचारायची, "काय म्हनत्यात लोकं?" मी म्हणायची, "बरं म्हणतात." म्हणजे खोटं त्या दिवशी सुरू झालं असं नाही. ते आधीच चालू होतं, बारीक बारीक.

मग पुण्याहून फोन आला. आवाजाचे कार्यक्रम तयार करणारी एक कंपनी. फोनवरची बाई तरुण होती, आर्जवी बोलत होती. तुमचा कार्यक्रम आम्ही घेतो म्हणाली, नीट स्टुडिओत करू. मी काउंटरवर उभी होते, हाताखाली ब्लाउजपीसचा ढीग. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं वाचन कुणाला तरी दिसलं. मग ती म्हणाली, "कांचनताई, खरं सांगू? तुम्ही छान समजावता. पण ऐकणारा थांबतो तो मंदाताईंसाठी. आपण त्यांनाच पुढे ठेवू, आणि तुम्ही मध्ये मध्ये माहिती द्याल." फोन ठेवल्यावर तिनं लगेच लिहूनही पाठवलं — मंदाताईंना आवर्जून सांगा, आमच्या ऑफिसात सगळे त्यांच्या बोलण्याच्या प्रेमात आहेत.

तो निरोप उघडा ठेवून मी जिना चढले.

रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण अकरा पायऱ्या आहेत, आणि वर पोचेपर्यंत माझं वाक्य तयार होतं. मी मंदासमोर स्टुलावर बसले. म्हटलं, पुण्याच्या लोकांनी आपलं ऐकलं, त्यांना कार्यक्रम आवडला. तिचा चेहरा उजळला. मग मी म्हटलं, पण — आणि फोन डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागले. जे त्यावर नव्हतं ते.

"दुसऱ्या बाईंची भाषा फार गावठी आहे. ऐकणारे हसतात. त्यांना वगळता आलं तर बघावं."

वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेला आवाज होता. कुठे अडखळला नाही.

मंदानं फोन मागितला नाही. तिला वाचता येतं, सातवी शिकली आहे. माझ्या हातातून तो नुसता वळवून घेतला असता तरी सगळं समोर होतं. पण वहिनी वाचून दाखवते आहे म्हटल्यावर ती कशाला बघेल?

"लई हसत्यात का वो?" तिनं विचारलं.

"काही जण," मी म्हटलं.

ती जरा वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा ओवलेलाच होता. मग म्हणाली, "मंग तुमी येकल्याच बोला, वहिनी. माझ्यापायी तुमचं कशाला आडायचं?" आणि खाली बघून, "आदीचं समदं बी लोकं ऐकत असत्याल ना? ते काडून टाकता येतं का?"

येतं, मी म्हटलं. आणि काढून टाकलं. त्याच संध्याकाळी, एकेक करून, सगळे भाग. फोनवरूनही पुसले, भाचीला म्हटलं चुकून उडाले. खोडदचा कान, कोंबडीचा डोळा, सगळं. मंदाचं ते बोलणं आता कुठेच ऐकायला मिळत नाही. हे करायला तिनंच सांगितलं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला म्हणून पाहिलं. नाही चाललं.

पुण्याच्या बाईला मी कळवलं की मंदाताईंच्या घरी अडचण आहे, त्या करणार नाहीत. तिनं दोनदा विचारलं, मी थांबू का म्हणाली, त्यांच्याशी बोलू का म्हणाली. मी नंबर दिला नाही. मग त्यांचा फोन यायचा थांबला. मी एकटीनं सहा-सात भाग केले. माहिती अगदी बिनचूक. लोक विचारत राहिले, मंदाताई कुठे आहेत? मी सगळ्यांना तेच लिहिलं, घरगुती अडचण. पुढे विचारणारेही राहिले नाहीत आणि मीही सोडून दिलं.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं. चारचौघांत होतो तसा एक हेवा, एक खोटं, एक बंद पडलेला कार्यक्रम.

पण मंदाचं बोलणं बदललं. चार-सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. एका गिऱ्हाइकानं तिला अस्तराचं विचारलं आणि ती म्हणाली, "नाही. होतं, पण संपलं." नाही. होतं. अंधारात पाय टाकावा तसा एकेक शब्द चाचपून. तिचा नवरा तिला न्यायला आला तेव्हा हसत सांगत होता, "आमची मंडळी आता पुस्तकावानी बोलत्यात, वहिनी. तुमच्या संगतीचा गुन." मीही हसले. आणि त्या सगळ्या नीट शब्दांमध्ये ती मुळात बोलायचीच कमी. मी वर जाऊन काही वाचून दाखवलं तर "हो का" म्हणायची. प्रश्न विचारणं थांबलं. विचारायला तर बोलावं लागतं ना?

त्यांच्या गावात महिला दिनाचा कार्यक्रम होता. बचत गटाच्या बायकांनी मंदालाच बोलायला सांगितलं. तिचं बोलणं पूर्वी गावभर ठाऊक. तिनं नाव सांगितलं माझं. "वहिनींची भाषा चांगली आहे," म्हणाली. आणि मी गेले. नाही म्हणता येत होतं, तरी गेले. शाळेच्या पटांगणात मांडव होता, शंभरएक बायका. मी त्यांना कोंबडीच्या डोळ्याचं सांगितलं. मंदाचं नाव घेतलं नाही. बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या, एक म्हातारी उठून म्हणाली, "खरं हाये गं बया, खालनंच मिटती!" तिसऱ्या रांगेत मंदा बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. तिच्या तोंडावर नाराजी दिसते का ते मी बघत होते. नव्हती. तिला माझं कौतुक वाटत होतं.

याला आता पाच वर्षं होतील. मंदा अजून येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. आमचं भांडण कधी झालं नाही. मी आजारी होते तेव्हा तिनं आठ दिवस डबा पाठवला. मी सांगितलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हा खालून हाक आली. एकदाच. बाकीच्या वेळी हाक आली नव्हती.

तिच्या मुलीचं, ऋतुजाचं, नर्सिंग पूर्ण झालं यंदा. पुण्यात एका दवाखान्यात मुलाखत आहे. मागच्या शुक्रवारी दोघी ड्रेसचं कापड घ्यायला आल्या. ही पोर अगदी पूर्वीच्या मंदासारखी, आत आली तीच बोलत. "काकू, ह्यो रंग लई भारी हाय, पन तिथं चालंल का? तिथं समदे पांढऱ्यातच असत्यात का वो?" मी तागा उलगडत होते. मंदा तिला हळू म्हणाली, "तिथे गेल्यावर कमी बोलायचं. विचारतील तेवढंच. आपली भाषा लोकांना हसण्यासारखी वाटते."

"काय बी काय, आई!"

"काकूंना विचार. त्यांना माहीत आहे."

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. भ्यालेली नव्हती, हसतच होती. आई उगाच काळजी करते, एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला. मंदाही बघत होती. दुकानात आणखी कुणी नव्हतं. मला कुणी हाक मारली नाही, फोन वाजला नाही.

मी म्हटलं, "आई बरोबर सांगते."

ऋतुजाचं हसू लगेच गेलं नाही, थोडं थोडं गेलं. मग ती "बरं" म्हणाली. तिनं साधं फिकट निळं कापड घेतलं.

मुलाखत परवा आहे. आज मंगळवार. मंदा वर आहे, मी खाली बसून हे लिहिते आहे.