मी न पाहिलेल्या गावातली वाट

माझा धाकटा भाऊ चेक देशातल्या एका छोट्या गावात म्हातारा झाला. मी बेंगळुरूचं चामराजपेट सोडून कुठे गेले नाही, पण त्याचं गाव मला तोंडपाठ आहे. चौकात कारंजं, समोर चर्च, डावीकडे उतारावर त्याचं घर. ते घर मूळचं कुणा जर्मन कुटुंबाचं. महायुद्धानंतर गावातल्या सगळ्याच जर्मनांना हाकलून दिलं आणि दुसऱ्यांनी येऊन त्यांच्याच चुली पेटवल्या. तेव्हापासून तिथे कुणी कुणाला, तू कुठला, म्हणून विचारत नाही. भावाला याचं भारी कौतुक होतं. मला आता त्या सभ्यपणाचा संताप येतो. भावजय गेली, भावाला विसर पडू लागला, आणि तो चौकात तासन्‌तास उभा राहिला तरी एक माणूस हटकत नाही.

परवा त्याचा फोन आला. "अक्का, घर सापडेना गं."

"कारंजं दिसतंय? मग चर्चकडे तोंड कर. डावीकडे उतर. अजून स्वल्प पुढे. हिरवं दार."

स्वयंपाकघरात उभी राहून मी त्याला चालवत होते.

"आलं दार," तो म्हणाला.

"सरी, बरं झालं. आता खिशातली किल्ली काढ."

चामराजपेटच्या आमच्या घरात कुणीच कधी किल्ली बाळगली नाही. आत कुणीतरी असायचंच. बाहेरून नुसती हाक मारायची.

तो हसला. मग फोनमधून दारावरची थाप ऐकू आली.

"किल्ली कशाला? तू आहेस ना आत? अक्का, थंडी वाजतेय. दार उघड."