पणजोबांचं गीत मी कार पार्कमध्ये म्हटलं

पप्पा नगरला कोविडने वारले, तेव्हा मी परदेशात, वेस्टमीडच्या लॅबमध्ये स्वॅबच्या नळ्यांवर लेबलं लावत होतो. विमानं बंद होती, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. सुपरवायझर म्हणाली, "आठवडाभर घरी राहा, मेट." मी नको म्हणालो. वेंटवर्थव्हिलच्या फ्लॅटमध्ये एकटा बसून काय करणार होतो?

आमच्या घरात एक गीत आहे, पणजोबांनी लिहिलेलं. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. प्लेगात त्यांची दोन मुलं एकाच आठवड्यात गेली. धाकट्याला पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी देवाचे आभार मानणारं हे गीत लिहिलं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. घरातल्या प्रत्येक मयताला ते म्हणतातच.

पप्पांच्या दफनाला चौघांनाच परवानगी होती. आई पॉझिटिव्ह, घरात बंद. माझ्या ब्रेकमध्ये कबरस्तानातून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. मी कार पार्कमध्ये, गाडीत बसलो होतो.

"अरे, पाळकसाहेबांना चाल येत नाही," ती मास्कमधून म्हणाली. "आणि माझा आवाज फुटत नाहीये. तू म्हण."

मी म्हटलं. चारही कडवी, एक शब्द न चुकता. शेजारच्या गाडीत एक नर्स सँडविच खात होती, तिने एकदा वळून पाहिलं. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं माती लोटत होती. मी सुरात आहे की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग हात धुतले आणि परत कामाला लागलो.

दोन आठवड्यांनी आत्याला सांगितलं, "मला काहीच वाटलं नाही गं. पणजोबांनी त्याच संध्याकाळी लिहिलं, आणि मी नुसतं पाठ म्हणून दाखवलं."

 ती म्हणाली, "त्याच संध्याकाळी वगैरे काही नाही. ते चर्चमध्ये सांगायला बरं वाटतं. माझी आजी सांगायची, दोन वर्षं ते प्रार्थनेला डोळे मिटायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. शाळेत जायचे, फळा पुसायचे, घरी यायचे. गीत त्यानंतरचं."

"पप्पांना हे ठाऊक होतं?"

"होतं की. पण तेसुद्धा चारचौघांत संध्याकाळचीच गोष्ट सांगायचे."

मी "बरं" म्हणालो. रडू आलं नाही, पण त्या दिवशी जेवण जरा गेलं.

विमानं सुरू झाल्यावर नगरला गेलो. पप्पांच्या कबरीवर गवत माजलं होतं. आईने विचारलं, "गीत म्हणतोस?"

"आत्ता नको."

"राहू दे," ती म्हणाली, आणि पदर खोचून खाली बसली. मग दोघांनी मिळून गवत उपटलं. ऊन चढेपर्यंत निम्मंच झालं.