डोरीनने पाहिलेला चाकू

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली डोरीन हॅचर आपल्या नजरेच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नसे. म्हणूनच वॉल्टच्या किराणा दुकानातल्या झटापटीत वॉल्टच्या दंडाला चाकू लागला, तेव्हा पोलिसांनी तिथं हजर असलेल्या डोरीनचीच साक्ष घेतली. झोंबणारे दोघे, एक गोरा, एक काळा. गोरा पळून गेला. चाकू काळ्याच्या हातात होता, असं तिनं ठासून सांगितलं. तो काळा, बेकरीत काम करणारा थर्मन बेल, "मी सोडवायला गेलो होतो" म्हणत सात आठवडे तुरुंगात होता. सोमवारी कोर्ट होतं.

शनिवारी दुपारी ती वाचनालयात जुना सिनेमा बघायला गेली. मानसशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर व्हिटलॉक बाईंनी त्यातल्या स्टेशनवरच्या धक्काबुक्कीच्या प्रसंगानंतर सिनेमा थांबवला.

"पाकीट कुणी मारलं? लिहा बघू."

डोरीननं झटकन लिहिलं, काळ्या हमालानं.

रीळ मागे फिरवलं. पाकीट हॅटवाल्या गोऱ्या साहेबाच्या हातात होतं. हमालाचे दोन्ही हात बॅगांत अडकलेले. लोक ओशाळून हसले.

"पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" डोरीन म्हणाली.

"तुम्ही खोटं बोलत नाही आहात," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना अर्धंच दिसतं. उरलेलं मन जुन्या समजुतींनी भरून काढतं, आपल्याला न विचारता. मग आपण त्याचीच शपथ घेतो."

 घरी येऊन डोरीन चाकू आठवत बसली. थर्मनचा चेहरा लख्ख दिसायचा, हात मात्र काही केल्या दिसेना. आता शब्द फिरवला, तर लोक खोटारडी म्हणतील. आणि थर्मननंच वार केला असेल तर?

रविवारी वॉल्ट डोनट घेऊन आला. "उद्या निळा कोट घाल, डोरी. शोभतो तुला."

"वॉल्ट, तू पाहिलास का रे चाकू?"

"मी पाठमोरा होतो. तू पाहिलास ना? मग झालं तर!"

 सगळा खटला तिच्या दोन डोळ्यांवर उभा होता.

सोमवारी कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, "चाकू कुणाच्या हातात होता?"

 "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी चेहरा पाहिला. चाकू त्याच्या हातात मीच दिला."

दुसरा साक्षीदार नव्हता. थर्मन सुटला. बाहेर तिनं त्याच्या आईची, ओडेसाची माफी मागितली.

"सात आठवडे, बाई," ओडेसा म्हणाली. "बेकरीनं दुसरा माणूस ठेवला." आणि ती चालू लागली. वॉल्टनं तर त्या दिवसापासून डोरीनशी बोलणंच टाकलं.

त्याच दुपारी कोर्टाबाहेर डोरीन गाडीत बसते तोच मागून एक काळा माणूस हाका मारत धावत आला. डोरीनच्या बोटानं खटकन दार लॉक केलं. त्यानं काचेपाशी तिचा हातमोजा धरला. कोर्टाच्या पायऱ्यांवर पडला होता.

काच खाली करून तिनं मोजा घेतला. त्या माणसाला ती घाबरली नव्हती. घाबरली होती त्या बोटाला.